हॅना, हन्ना की हाना? मुलीचं नाव ठेवण्याआधी

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, कारण मूळ पोस्ट लांब होती. विचारणारे गृहस्थ पुण्याचे, हिंदू घरातले, बायको नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली, दोघं नोकरीसाठी म्युनिकला, आणि मुलगी झालीये बारा दिवसांची. नाव 'हॅना' ठेवायचं जवळजवळ ठरलंय. पण एका साईटवर अर्थ दिलाय 'देवाची कृपा', दुसरीवर 'फूल', तिसरीवर 'आनंद'. पुण्याहून आई फोनवर म्हणाल्या, "हे कसलं नाव, हाणा-हाणी केल्यासारखं वाटतंय." आणि कुठल्या तरी लांबच्या मावशीने सांगितलं की बायबलमधली हन्ना म्हणजे मूल होत नसलेली बाई, लेकीला असलं नाव कशाला. आता नक्की अर्थ काय आणि ठेवावं की नाही, असा प्रश्न.

मी बावीस वर्षं सेमिनरीत बायबलची हिब्रू शिकवली, आता रिटायर झालेय, पण नावांचे प्रश्न अजून येतात. पाळण्याच्या आधी आठ दिवस तर फार येतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

तुमचा प्रश्न अर्थाचा वाटतो, पण खरी गोची वेगळीच आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर सारखी दिसणारी तीन-चार वेगवेगळी नावं तुम्ही एकाच टोपलीत टाकलीत. जपानी 'हाना' म्हणजे फूल, हे बरोबर आहे. अरबी 'हना', शेवटी घशात हलकासा झटका, म्हणजे सुख, आनंद, हेही बरोबर. कोरियनमध्ये 'हाना' म्हणजे चक्क 'एक'. पण यातल्या एकाचाही बायबलच्या हन्नाशी काही संबंध नाही, आपल्या 'हाणा'शी जेवढा आहे तेवढाच. साईटवाले काय करतात, स्पेलिंग जुळलं की सगळे अर्थ एका ओळीत कॉमा देऊन टाकतात, आणि आपण वाचतो 'कृपा, फूल, आनंद' आणि खुश होतो की काय मस्त नाव आहे. म्हणून नावाचा अर्थ बघायच्या आधी नाव कुठल्या भाषेतून आलंय ते बघायचं. तुमच्या सासरी ते बायबलमधून आलंय, तेव्हा आपण हिब्रूचंच बोलू.

हिब्रूत ते तीन अक्षरी आहे: हेथ, नून, हे. मधला न जोडाक्षरासारखा दुहेरी, म्हणून मराठी बायबलात 'हन्ना' लिहितात ते अगदी बरोबर आहे, इंग्रजी 'हॅना'पेक्षा मूळच्या जास्त जवळ. शेवटचा 'हे' उच्चारायचा नसतो, तो फक्त आधीचा 'आ' दाखवायला. पहिलं अक्षर हेथ, तो आपला साधा ह नाही. थंडीत आरशावर वाफ सोडताना घशातून जो आवाज निघतो ना तसा काहीसा, आपल्याकडे त्याला अक्षरच नाही. आजच्या इस्राएलमध्ये बहुतेक लोक तो अजून खरखरीत करतात आणि नाव ऐकू येतं 'ख़ना'. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकून विचारलं होतं, "मॅडम, ही खन्ना पंजाबी आहे का?"

धातू आहे ह-न-न. अर्थ: मर्जी होणं, दया करणं, वरच्याने खालच्यावर प्रसन्न होणं. त्याच्यापासून 'हेन' हा शब्द येतो, म्हणजे कृपा, मर्जी, आणि कधीकधी रूपातला गोडवासुद्धा. हिब्रूत एखाद्याची मर्जी बसली हे सांगायला 'त्याच्या डोळ्यांत हेन मिळालं' असं म्हणतात. इंग्रजीत हे समजावायला शिक्षकाला अर्धा तास लागतो, मराठीत मला कधीच लागला नाही, कारण आपल्याकडे 'कृपादृष्टी' हा तयार शब्द आहे. कृपा डोळ्यांतच असते हे आपल्याला सांगावं लागत नाही.

याच धातूतला अजून एक शब्द मला फार आवडतो, 'हिन्नाम', म्हणजे मोबदल्याशिवाय, फुकट. आजही इस्राएलमध्ये दुकानावर 'हिनाम' लिहिलेलं असतं, एकावर एक फ्री वगैरे. म्हणजे या कृपेत 'कमावलेलं नाही, मिळालंय' असा अर्थ मुरलेला आहे. आणि राष्ट्रपती कैद्याला माफी देतात त्या माफीला 'हनीना' म्हणतात, तीही यातलीच. हे सगळं सांगितलं कारण नुसतं 'कृपा' म्हटलं की आपल्याला देवळातला गुळगुळीत शब्द वाटतो, हिब्रूत तो बाजारात आणि कोर्टातही चालतो.

आता एक बारीक दुरुस्ती. साईटवर 'देवाची कृपा' लिहिलंय, पण हन्ना या नावात देव नाहीये. नुसतं 'कृपा' किंवा 'कृपा झालेली' एवढंच. देव ज्यात आहे ते नाव वेगळं, योहानान, यातला 'यो' म्हणजे परमेश्वराचं नाव, आणि पुढे तोच हनन, म्हणजे 'परमेश्वराने कृपा केली'. त्या योहानानचं ग्रीकमध्ये योआन्नेस झालं आणि मग जगभर जे काही झालं ते बघा: जॉन, हान्स, यान, इवान, हुआन, जुआंव, जोवान्नी, ज्याँ, शॉन, इयन. मराठी बायबलात योहान. हे सगळे तुमच्या लेकीचे चुलतभाऊ. आणि अजून एक लांबचा भाऊ ज्याला कोणी ओळखत नाही, उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेजचा सेनापती हॅनिबल. कार्थेजची प्यूनिक भाषा हिब्रूची सख्खी शेजारीण, त्यांचा देव बआल, म्हणून हन्नि-बआल, 'बआलने कृपा केली'. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा माणूस आणि पाळण्यातली तुमची बाळी, दोघांचा धातू एक.

(हनुक्का सणाचा मात्र संबंध नाही, तो नेहमी विचारला जातो. तिथे शेवटचं अक्षर क आहे, तो वेगळा धातू, अर्थ वास्तू अर्पण करणं.)

आता मावशींच्या मुद्द्यावर येते, कारण माझ्या मते तोच तुम्हाला खरा टोचतोय.

गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात आहे. एलकाना नावाचा माणूस, एफ्राइमच्या डोंगराळ भागातला, दोन बायका. पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत. दरवर्षी सगळे शिलोला यात्रेला जातात आणि दरवर्षी पनिन्ना तिला टोमणे मारून रडवते. हन्ना जेवत नाही. नवरा म्हणतो, "का रडतेस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?" (हे वाक्य वर्गात वाचलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. तीन हजार वर्षं झाली, नवऱ्याचं समजूत काढणं तिथेच आहे.) मग ती उठून मंदिरापाशी जाते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज नाही. दाराच्या खांबापाशी एली नावाचा म्हातारा याजक बसलाय, त्याला वाटतं ही बाई दारू प्यायलीये आणि तो तिला झापतो. ती खाली मान घालून निघून जात नाही. ती म्हणते, नाही महाराज, मी दारू प्यायले नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओततेय, मला वाईट चालीची समजू नका. मग एली ओशाळतो आणि म्हणतो, शांतीने जा, तुझं मागणं देव पुरवो.

आणि इथे, अठराव्या वचनात, ती जे उत्तर देते ते भाषांतरात सगळ्यांच्या नजरेतून निसटतं. ती म्हणते, 'तुमच्या दासीला तुमच्या डोळ्यांत हेन मिळो.' हन्ना हेन मागतेय. स्वतःच्या नावाचाच शब्द. आणि पुढची ओळ, ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहिला नाही. मूल अजून झालेलं नाही हां, काहीच बदललेलं नाही, पण बाई जेवली. मी हा अध्याय दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना द्यायचे कारण व्याकरण सोपं आहे, आणि दरवर्षी वाट बघायचे की या ओळीवर कोण थांबतंय. एका वर्षी संगमनेरकडचा एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, वहीत हेथ-नून, हेथ-नून-हे असं एकाखाली एक लिहून बसला आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे तिच्या नावात जे होतं तेच तिच्याकडं नव्हतं." मी त्यावर काहीच बोलले नाही, त्या दिवशीचा तास तिथेच संपवला.

पुढे तिला मुलगा होतो, शमुवेल, ती नवस फेडते आणि दूध तोडल्यावर त्याला शिलोला ठेवून येते. दरवर्षी जाताना त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेते, हे एवढं बारीक पुस्तकात लिहिलंय. आणि नंतर तिला अजून तीन मुलगे आणि दोन मुली होतात, हे मावशींना सांगा, कारण ते कोणी वाचतच नाही. म्हणजे एकूण सहा मुलं. वांझ म्हणून जिची ओळख सांगतात ती सहा मुलांची आई.

ज्यू परंपरेत तिला काय मान आहे तेही बघा. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, बेराखोत नावाच्या भागात, प्रार्थना कशी करावी याचे नियम काढलेत ते या बाईवरून: मन लावून करावी, ओठ हलावेत, आवाज चढवू नये, प्यायलेल्याने करू नये. सात संदेष्ट्या बायका मोजतात त्यात तिचं नाव आहे. आणि ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, तिचीच गोष्ट वाचली जाते. वर्षाची सुरुवात जिच्या गोष्टीने करतात तिला अपशकुनी कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आता नाव पसरलं कसं. हा भाग मोठा आहे आणि मला त्यात बोलायला आवडतं, कंटाळलात तर शेवटचे तीन-चार पॅरा वाचा.

इसवीसनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या ज्यूंसाठी हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं. ग्रीकमध्ये हेथसाठी अक्षर नव्हतं, मग काय, ह गळाला आणि हन्नाची 'आन्ना' झाली. लॅटिनमध्येही आन्ना. बास, एवढंच. आन्ना, अॅन, आना, अॅनेट, आन्या, आनिका, ही सगळी प्रजा त्या एका गळलेल्या ह मधून जन्मली. नव्या करारात लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा संदेष्टी आहे, फनुएलाची मुलगी, ती ग्रीकमध्ये आन्ना, पण मराठी बायबलात तिलाही 'हन्ना'च केलंय, म्हणजे आपल्या लोकांनी गळलेला ह परत लावला. इंग्रजीत एकीला हॅना आणि दुसरीला अॅना म्हणतात आणि नाव एकच आहे हे बऱ्याच इंग्रजी वाचकांच्या लक्षातही येत नाही.

पण नावाला खरी पाळंमुळं फुटली ती एका तिसऱ्या बाईमुळे. येशूची आई मरिया, तिच्या आईचं नाव शुभवर्तमानांत कुठेच नाही. दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावावर एक ग्रंथ फिरू लागला, बायबलमध्ये न घेतलेला, त्यात सांगितलं की मरियेच्या आईवडिलांची नावं आन्ना आणि योआकीम, दोघं म्हातारे, मूल नाही. आन्ना बागेत झाडावर चिमण्यांचं घरटं बघून रडते, मग देवदूत येतो, ती म्हणते मूल झालं तर देवाला अर्पण करेन, आणि तीन वर्षांची झाल्यावर मुलीला मंदिरात नेऊन सोडतात. ओळखीची वाटली ना गोष्ट? ती शमुवेलाच्या पुस्तकातल्या हन्नाच्या साच्यावर बेतलेली आहे, नावासकट. म्हणजे येशूच्या आजीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी मूल न होणाऱ्या त्याच बाईचं नाव शोधून काढलं. मावशींना जो दोष वाटतो, त्या दोषामुळेच हे नाव जगभर गेलं. सरदारकन्या म्हणून नाही, सुंदर म्हणून नाही. ज्या बायकांना मूल हवं होतं त्यांना हिच्याशी बोलावंसं वाटलं.

मग या आन्नाची, म्हणजे संत अॅनची, भक्ती पूर्वेकडे वाढली, बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, राजघराण्यात आन्ना भरपूर. ९८८-८९ च्या सुमारास सम्राटाची बहीण आन्ना कीवच्या व्लादिमीरला दिली, तो बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. त्याची नात, तीही आन्ना, १०५१ मध्ये फ्रान्सच्या राजाला दिली. लेकी सासरी जाताना हुंड्याबरोबर नावं घेऊन जातात, इतिहासाची पुस्तकं हे नीट सांगत नाहीत. पश्चिमेत ही भक्ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस अगदी कळसाला होती, खाणकामगारांची तर ती कुलस्वामिनीच. खाणधंद्यातल्या बापाचा मुलगा मार्टिन ल्यूथर जुलै १५०५ मध्ये विजांच्या कडकडाटात सापडला तेव्हा ओरडला तो तिच्याच नावाने: संत अॅन, वाचव, मी मठवासी होतो! आणि पुढे त्याच ल्यूथरने प्रोटेस्टंट चळवळ उभी करून संतांची भक्ती मोडीत काढली.

गंमत इथेच आहे. संत गेले, पण लोकांच्या हातात त्यांच्या भाषेतलं बायबल आलं, आणि इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी संतांची नावं टाकून जुन्या करारातली नावं उचलली. तिथे ह शाबूत होता. म्हणून 'हॅना' हे रूप इंग्रजीत रुजलं ते सोळाव्या-सतराव्या शतकात, आणि तिथून बोटीत बसून अमेरिकेला गेलं. म्हणजे साधारण अॅन ही कॅथलिक वाटेने आलेली आणि हॅना प्रोटेस्टंट आणि ज्यू वाटेने. तुमच्या बायकोकडचे लोक नगरचे, म्हणजे बहुतेक अमेरिकन मिशनच्या परंपरेतले असावेत, तिथे हॅना सहज बसतं. वसईत किंवा गोव्यात विचाराल तर आना, अॅनी.

अमेरिकेत ते मधे विसाव्या शतकात आजीबाईंचं नाव झालं होतं, मग परत वर आलं, इतकं की १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षं मुलींच्या नावांत देशात दुसऱ्या नंबरवर होतं. लोक म्हणतात डिस्नेच्या 'हॅना मोंटाना' सीरियलमुळे झालं, पण ती सीरियल आली २००६ मध्ये, तोपर्यंत नाव उतरणीला लागलं होतं. नावं टीव्ही वाढवतो त्यापेक्षा टीव्ही चालू असलेली नावं उचलतो, असा माझा अनुभव. जर्मनीत मात्र हन्ना गेली बरीच वर्षं वरच्या दहांत टिकून आहे. तिथे अजून एक वळण आहे, तिथली हन्ना कधीकधी 'योहाना' या मुलीच्या नावाचं लाडकं रूप असते. तत्त्वज्ञ हॅना आरेन्ट यांचं जन्मनाव योहाना होतं. धातू तोच, त्यामुळे भांडायला जागा नाही. आणि उलटा प्रवासही होतो: बुडापेस्टला जन्मलेली आनिको सेनेश पॅलेस्टाईनला गेली आणि हन्ना झाली, १९४४ मध्ये पॅराशूटने परत शत्रूच्या प्रदेशात उतरली आणि नोव्हेंबरमध्ये बुडापेस्टलाच तिला गोळ्या घातल्या. आनिको म्हणजे हंगेरियन लाडाची आन्ना. तिने फक्त गळलेला ह परत घेतला.

मुस्लिम परंपरेतही मरियमच्या आईला हन्नाच म्हणतात, कुराणात 'इमरानची पत्नी' एवढंच आहे. म्हणजे उद्या तुमच्या मुलीच्या वर्गात तुर्की किंवा अरब मुलगी असेल तर तिलाही नाव परकं वाटणार नाही.

आता आपल्याकडचं. मी एकदा जुलैत गोव्यात होते, तिसवाडीतल्या तळावलीला सांत आनाचं, म्हणजे याच संत अॅनचं, जुनं चर्च आहे, सतराव्या शतकाच्या शेवटचं, प्रचंड. तिथे जुलैच्या अखेरीस फेस्त असतं, लोक त्याला तवशाचं फेस्त म्हणतात, तवसं म्हणजे आपली मोठी काकडी. मूल हवं असलेली जोडपी काकडी वाहतात. का काकडी? पोर्तुगीजमध्ये काकडीला पेपिनो आणि लेकराला मेनिनो, यमक जुळतं, 'पेपिनो घे, मेनिनो दे'. लग्न व्हायचं असलेले मुलगे चमचा आणतात कारण चमचा आणि बायको या शब्दांचं यमक, मुली उडीद आणतात कारण नवऱ्याला 'मारिदो' म्हणतात आणि उडीदशी त्याचंही यमक जुळवतात. धो धो पाऊस, पायऱ्यांवर शेवाळ, आणि एक पंचवीस-सव्वीसची बाई, कपाळाला कुंकू, प्लास्टिकच्या पिशवीत एकच हिरवं तवसं घेऊन रांगेत उभी, ओठ हलतायत, आवाज नाही. मी हिब्रू शिकवणारी बाई, मला शिलोचं मंदिर आठवणार नाही तर काय. त्या बाईला हन्ना हे नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि एक महिना आधी, २४ जूनला, त्याच गोव्यात सांजांवला पोरं विहिरीत उड्या मारतात, तो योहानचा सण. एकाच धातूचे दोन सण एका पावसाळ्यात.

मुंबईत मशीद बंदरला सॅम्युएल स्ट्रीट आहे, ते हन्नाच्या मुलाचं नाव. शमुवेल यहेज्केल दिवेकर, बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजाचे, घरात समाजी हसाजी, त्यांनी १७९६ मध्ये तिथे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. शमुवेलचं समाजी आणि यहेज्केलचं हसाजी, कोकणाने नावं कशी पचवली बघा. म्हणून मी म्हणते की हिब्रू नाव मराठी तोंडात बसत नाही वगैरे काळजी करू नका, दोनशे वर्षांपूर्वीच बसलंय.

तुमच्या नगरचंच एक. हरिपंत खिस्ती यांची मुलगी कृपाबाई, १८६२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात जन्मलेली, पुढे कृपाबाई सत्यनाथन म्हणून इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणारी. कृपा म्हणजे अर्थाने हन्नाच. घरातल्या नावात काही जुळवाजुळव करायची असेल तर हिंदू बाजूने 'कृपा' ठेवता येईल, पत्रिकेत कृपा, बाप्तिस्म्याला हन्ना, दोन्ही आज्या खुश. अर्थात बाप्तिस्मा करणार की नाही हा तुमच्या दोघांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही.

आता कामाचं बोलू, कारण नाव ठेवून झाल्यावर आयुष्यभर छळतं ते स्पेलिंग.

इथे उत्तर परिस्थितीवर आहे. मुलगी जर्मनीतच वाढणार असेल तर तिला दर वेळी एकच प्रश्न विचारतील, शेवटी एच लावायचा की नाही. हे तिकडे रोजचं आहे, कोणाला विचित्र वाटत नाही. दोन्ही रूपं चालतात. मला विचाराल तर एच असलेलं घ्या, कारण हिब्रूत शेवटी 'हे' अक्षर आहेच आणि त्याने अरबी, जपानी हानाशी गल्लत कमी होते. एक एन मात्र टाळा, तिथे सगळा घोटाळा परत सुरू होतो. भारतात परत यायचं असेल तर देवनागरीचं आत्ताच ठरवून ठेवा, कारण आपल्याकडच्या दाखल्यांवर मराठी नावही छापतात आणि ते तुम्ही दिलं नाहीत तर कॉम्प्युटर स्वतःचं डोकं चालवतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या कार्डावर 'हन्नाह' छापून आलं, शाळेत 'हॅना', बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'हन्ना', आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी तिच्या वडिलांनी तीन प्रतिज्ञापत्रं केली. फॉर्म भरताना मराठी रकाना रिकामा सोडू नका आणि सबमिट करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

देवनागरीत मी 'हन्ना' सुचवेन. मूळ उच्चाराला जवळ, बायबलात तेच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात मधला न दुहेरी असल्यामुळे तुमच्या आईंचा 'हाणा'चा प्रश्नही सुटतो. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे गावाकडे ण चा न होतो, 'हाना त्येला' म्हणजे काय हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय, आणि सुट्टीत पोरगी गावी गेली की चुलतभाऊ दोन दिवसांत ते शोधून काढणार. जर्मन उच्चारही आखूडच आहे, 'हना' किंवा 'हन्ना'च्या जवळ, त्यामुळे तिकडच्या शाळेतही जमेल. आईंना फोनवर 'हॅना' म्हणू नका, 'हन्ना' म्हणा, न वर जरा टेकून. मी माझ्या मोठ्या जावेवर हा प्रयोग केला होता, तिसऱ्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, हां, हन्ना, मग बरोबर आहे, गन्नासारखं.